भुंकरी कुठून आली

आमच्या गल्लीत आता शेंबडं पोरसुद्धा 'भुंकरी' म्हणतं. कुत्र्यांची बिस्किटं जिथे मिळतात ती जागा म्हणजे भुंकरी. संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला निघालेला माणूस घरात सांगून जातो, "जरा भुंकरीपर्यंत जाऊन येतो." आणि घरात कुणी फारच करवादायला लागलं की त्याला म्हणतात, "काय रे, सकाळी सकाळी भुंकरी उघडलीस का?" एका शब्दाचे तीन अर्थ झाले, आणि तिन्ही लोकांनी हसतखेळत केले. त्यांच्याही आधीचा जो अर्थ होता तो मात्र हसतखेळत झालेला नाही. तो माझ्या ताईच्या तोंडावर फेकलेला होता, भरल्या दुकानात. तिने त्याचं उट्टं कसं काढलं ते सांगते. मधे बोलू नका, मला राग आला की माझं पुढचं मागचं होतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन बेकरीवाल्यांच्या घरात गेली तेव्हा तिला भट्टीचं दार कुठून उघडतात तेही ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी शिकवलं. दोन वर्षांत ती अशी तयार झाली की पिठात नुसता हात घालून सांगायची, आज पाणी दोन वाट्या कमी लागणार. तिच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ट्रेचे चटके आहेत, जुने पांढरे आणि नवे तांबडे. बोलायला मात्र कंजूष. एका दिवसात वीस वाक्यं बोलली तर मी विचारते, तुला बरं नाही का.

सासऱ्यांचा एक नियम होता. भट्टीतून निघालेल्या पहिल्या ट्रेतला पहिला तुकडा विकणाऱ्याने खायचा, तोही काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर उभं राहून. "जे आपल्या घशाखाली उतरत नाही ते दुसऱ्याच्या घशात घालायचं नाही," असं म्हणायचे. ते खायचे तेव्हा लोक खरंच थांबून बघायचे. त्यांच्या मागे धाकट्या मुलाने, म्हणजे ताईच्या दिराने, नियम तेवढा चालू ठेवला, कारण त्यात लोक त्याच्याकडे बघतात.

दुकान सासऱ्यांनी धाकट्याच्या नावावर केलं होतं. माझ्या मेहुण्यांना, म्हणजे थोरल्याला, कागद दिसला की झोप यायची. ते भट्टी सांभाळायचे, धाकटा काउंटर. मग मेहुणे गेले. तेराव्या महिन्यात दिराने ताईला सांगितलं, "वहिनी, पुढे गर्दी असते, तुम्ही मागच्या खोलीत बसा." मागची खोली म्हणजे सासऱ्यांची जुनी भट्टी, एक मोरी, एक खिडकी आणि गल्लीत उघडणारं एक दार. तिथे तिला काम असं ठेवलंच नव्हतं. सगळं बांधून झालेल्या घरात आयता नागोबा येऊन बसला आणि बांधणारीला मोरीपाशी जागा दिली. मला ताईनेच पूर्वी पुढच्या टेबलावर पाकिटं बांधायला चिकटवलं होतं. मी तिथेच राहिले. मला कुणी मागे पाठवलं नाही, मीही विचारलं नाही.

मागच्या दाराशी एक म्हातारी कुत्री यायची. तिला नाव नव्हतं, सगळे म्हातारीच म्हणायचे. दीर तिला बुटाने बाजूला सारायचा. ताई तिला करपलेली बिस्किटं घालायची, तर ती आजारी पडली. गल्लीच्या टोकाला जनावरांचे डॉक्टर आहेत, ते म्हणाले, "बाई, हिला मीठ, साखर, लोणी काही चालणार नाही. तुमच्या हातात भट्टी आहे, हिच्यापुरतं वेगळं करा ना." ताईने केलं. गव्हाचं पीठ, उकडलेला लाल भोपळा, एक अंडं, थोडा दाण्याचा कूट. एक पत्र्याचा डबा कापून तिने हाडकाच्या आकाराचा साचा केला. म्हातारी महिन्यात धावायला लागली. डॉक्टरांनी चार लोकांना सांगितलं, चाराचे चाळीस झाले, आणि मागच्या दाराशी माणसं आणि कुत्री एका रांगेत उभी राहायला लागली.

आता तो रविवार. सकाळचे दहा, पुढचं दुकान गच्च भरलेलं. एका बाईने काउंटरवर विचारलं, "त्या मागच्या बाईंची कुत्र्यांची बिस्किटं इथेच मिळतात का?" दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने हाक मारली, "वहिनी, जरा पुढे या." ताईला वाटलं काही मदत हवी असेल. ती हाताचं पीठ पुसत आली.

त्याने एक हाडकाचं बिस्किट दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, "आमच्या वडिलांनी काढली बेकरी. आणि आमच्या वहिनींनी मागे काय काढलं? भुंकरी." भुंकणं आणि बेकरी यांची त्याने मोट बांधली होती. लोकांना कळेपर्यंत तो थांबला आणि मग पुढे म्हणाला, "बरोबरच आहे, एक दाराशी भुंकते, एक भट्टीशी." लोक हसायला लागले. हसू आलेलं बघून तो चेकाळला. "घराचा नियम काय? पहिला तुकडा विकणाऱ्याने खायचा. घ्या वहिनी, सगळ्यांसमोर."

ताईने ते बिस्किट घेतलं. ते कोरडं आणि कडक असतं, माणसाला चावायला वेळ लागतो. ती चावत होती आणि एकेकाकडे बघत होती. गिऱ्हाइकं हसत होती. एक म्हातारे गृहस्थ खोकला येईपर्यंत हसले. ताईची धाकटी जाऊ गल्ल्यामागे तोंडावर हात ठेवून हसली. मी नेमकी तेव्हा टेबलाखाली पडलेलं दोऱ्याचं रीळ शोधत होते. ताईने शेवटचा घास गिळला, दिराला विचारलं, "झालं?" आणि मागे निघून गेली.

दुपारपर्यंत शब्द गल्लीभर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मागच्या दारावर एक फळी टांगलेली, आणि तिच्यावर ताईच्या हातची चुन्याची अक्षरं: भुंकरी. माझं डोकंच फिरलं. "अगं, तुला काही वाटतं का? त्याने शिवी दिली आणि तू ती दारावर लावतेस?"

"दिलेली आहे ना," ती म्हणाली. "वापरते."

ताईचा राग दिसत नाही. भट्टीसुद्धा बाहेरून गार दिसते, हात लावला की कळतं. मी मात्र धगधगत होते. घरी भाजी चिरताना मला त्याची मान दिसायची. आणि अशा दिवसांतही ताईने बहिणीची आठवण ठेवली, हे सांगितलंच पाहिजे. मला तेव्हा नुकतीच साखर निघाली होती. त्याच आठवड्यापासून ती माझ्या दुपारच्या चहाबरोबर बशीत चार चौकोनी बिस्किटं ठेवायला लागली. "तुझ्यासाठी वेगळी, बिनसाखरेची," म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रोज चारही खायचे आणि रोज सांगायचे की छान झालीत.

महिनाभराने जाऊ मागच्या खोलीत आली. दिराचं प्रेशर वाढलं होतं, डॉक्टरांनी मीठ आणि साखर बंद केली होती. "जाऊबाई," ती खाली बघत म्हणाली, "कुठल्या तोंडाने मागू? पण यांच्या चहापुरतं काही बिनमिठाचं, बिनसाखरेचं कराल का? चहाबरोबर काही नसलं की अंगावर येतात."

ताईने समोर लाटलेल्या पोळीकडे बघितलं. मग जाऊकडे बघितलं. "करते," म्हणाली.

त्या दुपारी तिने मला आत बोलावून दाखवलं. म्हातारीची बिस्किटं ज्या पिठाची, त्याच पोळीवर तिने साचा बाजूला ठेवला, स्टीलचा ग्लास उपडा घातला आणि कडेने बारा गोल कापले. "त्याच्यासाठी वेगळं पीठ मळायला मला कुठे वेळ आहे?" म्हणाली. मी पिठाच्या पोत्यावर बसून पोट धरून हसले. आयुष्यात एवढं सुख मला कुणी दिलं नव्हतं.

अकरा महिने तो ती बारा गोल बिस्किटं खात होता. रोज, न चुकता. काउंटरवर उभा राहून लोकांना सांगायचा, "माझी खास बनतात. विकायला नाहीत." ताईला दोन दिवस ताप आला तर माणूस पाठवून विचारलं, डबा का नाही आला. हाडकाची बिस्किटं खाणाऱ्या गल्लीतल्या कुत्र्यांनीही एवढा हट्ट केला नाही. एकच गोष्ट मला टोचत होती. त्याचं प्रेशर उतरलं, पोट उतरलं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. एक दिवस मी ताईला म्हणाले, "तू सूड घेतेयस की त्याला शंभर वर्षं जगवतेयस?"

"राहू दे ठणठणीत," ती म्हणाली. "ज्या दिवशी कळेल त्या दिवशी पायांवर उभा राहायला नको?"

मग त्याची हाव जागी झाली. मागच्या दाराची रांग पुढच्या दुकानापेक्षा लांब व्हायला लागली होती. लांबून लोक यायचे ते विचारत यायचे, भुंकरी कुठे. त्याने पुढच्या अर्ध्या भागात काचेचं दुकान केलं, आणि वर पाटी चढवली. पाटीवर हातभर अक्षरांत 'भुंकरी', कोपऱ्यात म्हातारीसारखं एक कुत्रं, खाली 'संस्थापक' म्हणून स्वतःचं नाव. ताईला म्हणाला, "वहिनी, खूप केलंत, आता आराम करा. उद्घाटनाच्या दिवशी बारा वाजेपर्यंत मागच्या खोलीची किल्ली द्या. तिथे गोदाम करायचंय." बिस्किटं करायला त्याने दोन माणसंही ठेवली होती, आणि त्यांना शिकवायचं काम, बघा हं, ताईलाच सांगितलं होतं.

ताईला जायला दुसरी जागा नव्हती. भट्टी काही पिशवीत घालून नेता येत नाही. मी म्हणाले, वकील बघू, भांडू, बोंब मारू. ती साचा धूत होती. म्हणाली, "खोली त्याच्या नावावर आहे, जाईल तर जाईल. पण हा शब्द त्याने मला चारचौघांत तोंडावर मारून दिलाय. आता तो धुऊन पुसून, गोड करून घेऊन चाललाय. तो कसा दिला, ते त्याने त्याच लोकांसमोर त्याच्या तोंडाने सांगायचं. एवढंच हवंय मला." एका दमात ती एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. मग ती जाऊकडे गेली आणि सांगून आली, उद्घाटनाला येताना त्यांचा डबा घेऊन ये.

उद्घाटनाला सगळे आले. जनावरांचे डॉक्टर पाहुणे म्हणून, वर्तमानपत्राची एक वार्ताहर बाई वही घेऊन, आणि रविवारची जुनी गिऱ्हाइकं, खोकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांसकट. डॉक्टरांनी फीत कापली. वार्ताहर बाईने विचारलं, "शब्द फार गोड आहे. सुचला कसा?"

दिराने डोळे अर्धे मिटले. "मला लहानपणापासून मुक्या जनावरांचा लळा," तो म्हणाला. "ही आमची म्हातारी. एका संध्याकाळी हिला मांडीवर घेऊन भरवत होतो, आणि हा शब्द आपोआप ओठांवर आला." मग फोटोसाठी त्याने म्हातारीला यू यू केलं. म्हातारीला त्याचा बूट माहीत होता. ती थेट टेबलाखाली गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

तेवढ्यात ताई मागून ट्रे घेऊन आली. हाडकाची बिस्किटं, अजून वाफ येत होती. "भाऊजी, नव्या दुकानाचा पहिला ट्रे," ती म्हणाली. "पहिला तुकडा तुमचा."

तो हसला. "वहिनी, तो नियम माणसांच्या खाण्याला."

"त्या रविवारी मला लागू होता."

जे त्या रविवारी होते ते आपापल्या चपलांकडे बघायला लागले. दिराचा चेहरा उतरला, पण काउंटरवरचा माणूस तो, लगेच सावरला. "मी नाही बुवा कुत्र्याचं खाणार," मोठ्याने म्हणाला. "ज्याला शेपूट आहे त्याने खावं." वार्ताहर बाईने ते लिहून घेतलं.

"बरं, नको तर नको," ताई म्हणाली. "पण नियम मोडायला नको. तुम्ही तुमचं रोजचं खा."

जाऊने पिशवीतून स्टीलचा डबा काढून पुढे केला. गोल बिस्किटं बघून त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने एक खाल्लं, दुसरं अख्खं तोंडात टाकलं, आणि चावता चावता म्हणाला, "हे लिहा, बाई. याला म्हणतात माणसाचं खाणं. अकरा महिने रोज खातोय. माझं प्रेशर यानेच उतरलं."

ताईने डब्यातलं एक गोल आणि ट्रेतलं एक हाडूक डॉक्टरांसमोर ठेवलं. "डॉक्टर, काय घालायचं ते तुम्हीच मला सांगितलं होतं. जरा दोन्ही फोडून बघा."

डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी दोन्ही फोडली, वास घेतला, दोन्हींचा कण जिभेवर ठेवला. म्हणाले, "यात बघायचं काय? एकच आहे. आकार तेवढा वेगळा."

दिराचं चावणं थांबलं. त्याने जाऊकडे बघितलं आणि भरल्या तोंडाने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून," जाऊ म्हणाली. "प्रेशर उतरत होतं. मी कशाला बोलू?"

पहिल्यांदा ते म्हातारे गृहस्थ हसले आणि त्यांना खोकला आला. मग सगळं दुकान हसलं. थुंकायला जागा नव्हती, पन्नास माणसं बघत होती, वार्ताहर बाईची पेन्सिल थांबली होती. त्याला ते गिळावंच लागलं. मी सांगितलंय ना, कोरडं असतं, वेळ लागतो. ताईने शेवटपर्यंत वाट बघितली. त्याच्या गळ्याची घाटी खाली गेली तेव्हा विचारलं, "झालं?"

तो एक शब्द ऐकायला मी अकरा महिने आणि एक महिना थांबले होते. देव मला दुसरं काही न देवो.

वार्ताहर बाईने ताईला विचारलं, "म्हणजे शब्द तुमचा का?"

"छे, त्यांचाच आहे," ताई म्हणाली. "मी खोटं कशाला बोलू? फक्त कधी आणि कुणाला म्हणाले, ते त्यांना विचारा."

तो म्हणाला, गंमत केली होती. बाईने विचारलं, काय गंमत. तो म्हणाला, घरातली गंमत. ताई म्हणाली, "घरात नव्हे, इथे, या काउंटरवर." मग तो सांगायला लागला. कुठे अडखळला की ताई पुढचा शब्द द्यायची, कविता म्हणताना मास्तर देतात तसा, शांतपणे. 'एक दाराशी भुंकते' इथपर्यंत आला आणि गप्प झाला. ताई म्हणाली, "एक भट्टीशी." त्याला तेही म्हणावं लागलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्या बाईने ते सगळं तसंच्या तसं छापलं, शेपटाच्या वाक्यासकट.

बारा वाजले होते. ताईने खोलीची किल्ली काढून ट्रेवर ठेवली. दिराने ती उचलली नाही. जाऊने उचलली आणि ताईच्या एप्रनच्या खिशात टाकली. "जाऊबाई, मागे गिऱ्हाईक थांबलंय," म्हणाली. थांबलं होतंच. लोक त्या काचेच्या दुकानातून बाहेर पडून, कुत्री घेऊन, वळसा घालून मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते.

पाटी त्याने आठ दिवसांत स्वतःच उतरवली. जो येईल तो विचारायचा, "गोल आहेत का?" किल्लीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. डबा मात्र अजून रोज जातो, आणि तो अजून रोज खातो, आता माहीत असून. ताई म्हणते, खाऊ दे, बिनमिठाचं आहे, मिठाला जागायची अपेक्षाच नाही.

उद्घाटनाच्या त्याच दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत चहाला बसलो. मला इतका आनंद झाला होता की गप्प बसवत नव्हतं. मी बोटांवर मोजत होते. दिराची जिरली. म्हाताऱ्या गृहस्थांनी निघताना ताईला हात जोडले. जाऊला अकरा महिने तोंड बंद ठेवावं लागलं, तिला तेवढी शिक्षा पुरे. "त्या रविवारी जे जे हसले होते ते सगळे झाले," मी म्हणाले.

ताईने माझी बशी पुढे सरकवली. चार चौकोनी बिस्किटं. मी एक उचलून अर्धं खाल्लं.

"सगळे?" ती म्हणाली. "त्या दिवशी चावताना मी एकेकाकडे बघत होते. तू टेबलाखाली रीळ शोधत होतीस. रीळ टेबलावर होतं. खांदे हलत होते तुझे."

ताईने पोळीवरचं जास्तीचं पीठ हाताने झटकलं, आणि शेजारी ओळीने ठेवलेलं सामान मला पहिल्यांदा नीट दिसलं. हाडकाचा साचा, स्टीलचा ग्लास, आणि एक चौकोनी डब्याचं झाकण.

"पीठ एकच गं," ताई म्हणाली. "तीन वेगळी पिठं मळायला मला कुठे वेळ आहे?"

ती माझ्याकडे बघत होती. मी हातातलं उरलेलं अर्धं चहात बुडवलं आणि खाल्लं. वेळ लागला. गिळून झाल्यावर तिने काही विचारलं नाही, म्हणून मीच म्हणाले, "झालं." चव चांगलीच होती. बारा महिने मीच तिला तसं सांगत आले होते.